आधी ग्राहक क्रमांक बघा
दोन सिस्टिम जोडायच्या म्हटलं की सगळे एपीआयबद्दल, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायच्या दुव्याबद्दल, बोलू लागतात. मी आधी ग्राहक क्रमांकाचा कॉलम उघडते. सॅप या कंपन्यांचा हिशेब-व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो १० अक्षरी, पुढे शून्यं भरलेला: ०००००१२३४५. त्याच यादीची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्यं गायब, मग एकही ओळ जुळत नाही. हे निदान लगेच दिसतं तरी! सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा १५ अक्षरी आयडी जास्त फसवा. त्यात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांनी आयडी बदलतो, पण एक्सेलमध्ये जुळणारी ओळ शोधणारं व्हीलुकअप हे सूत्र तो फरक मानतच नाही. एकाची बिलं बिनबोभाट दुसऱ्याच्या नावावर दिसतात. म्हणून मी सेल्सफोर्सचा १८ अक्षरी आयडीच मागून घेते; लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मानला नाही तरी तो वेगळाच राहतो. नावावरून जोडणी मला अजिबात मान्य नाही. दोन्हीकडचे क्रमांक शेजारी ठेवणारं स्वतंत्र टेबल हवंच, आणि नव्या ग्राहकाची ओळ त्यात कोण भरणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.