पृथ्वीगोल क्र. ३: अरल समुद्र जुळत का नव्हता

सापडलं एकदाचं! नकाशाच्या कागदी पाकळ्या गोळ्यावर चिकटवून मी पृथ्वीगोल बनवतोय; त्यात ६०° पूर्व रेखांशावरचा, दोन पाकळ्यांमधला जो सांधा दोन महिने छळत होता, त्याचं कारण परवा रात्री हाती लागलं.

मापं तीच आहेत: ३० सेंमी व्यासाचा लगद्याचा गोळा, ३०° ची एक अशा, दोन्ही टोकांना निमुळत्या बारा पाकळ्या. विषुववृत्तावर पाकळीची रुंदी ७.८५ सेंमी, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत लांबी ४७.१. या मापात १ मिमी म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ ४२.५ किमी. ३०° पूर्वचा सांधा तर असा बसलाय की अलेक्झांड्रियाजवळचा किनारा एका पाकळीवरून दुसरीवर सलग जातो, नखाने चाचपलं तरी जोड लागत नाही. तो मी दिवसातून दहादा बघतो.

आणि मग ६०° पूर्व. अरल समुद्र नेमका या रेषेवर येतो. डावी बाजू जागच्या जागी, उजवी दोन मिलिमीटर वर. म्हणजे अर्धा समुद्र ८५ किमी उत्तरेला सरकलेला. विषुववृत्तावर सगळं अचूक, पण जसजसं वर जावं तसतशी फट वाढत जाते.

आधी गोळ्यावर संशय घेतला. कॅलिपरने आठ दिशांनी मोजला, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मग खळ बदलून बघितली. (गव्हाच्या खळीला पर्याय नाही, हे मत आणखी पक्कं झालं. पांढरा गोंद इतक्या लवकर धरतो की पाकळी सरकवायला उसंतच मिळत नाही.) ती पाकळी तीनदा सोलून नव्याने चिकटवली. तिन्ही वेळा तेच दोन मिलिमीटर.

परवा सहज गोळा फिरवला आणि १२०° पश्चिमवर नजर थांबली. हा सांधा बहुतेक समुद्रातून जातो, म्हणून नीट पाहिलाच नव्हता. पण कॅनडात अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाची उत्तर सीमा ६०° उत्तर अक्षवृत्तावरून सरळ जाते. ती सरळ रेघ सांध्यावर तुटलेली! इथे डावी बाजू वर, जवळपास अडीच मिलिमीटर. ६०° पूर्व आणि १२०° पश्चिम, म्हणजे बरोबर समोरासमोर. माझ्या दोन छापील तावांची हद्दही हीच: पहिल्या तावावर १२०° पश्चिम ते ६०° पूर्व, दुसऱ्यावर उरलेल्या सहा पाकळ्या. दोन्हीकडे वर सरकलेली बाजू दुसऱ्या तावाची.

लगेच दोन्ही तावांच्या उरलेल्या कागदाचे चौकोन कापले, उभी बाजू पेन्सिलने खुणावली आणि एका अंगाने ओले केले. पहिला उभ्या अक्षावर गुंडाळला, दुसरा आडव्या. ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, उलटी! कागद ओला झाला की ग्रेनला आडवा जास्त फुगतो. त्यामुळे पहिला ताव रुंदीत वाढला आणि दुसरा उंचीत. पहिल्या सहा पाकळ्यांच्या कडा छाटाव्या लागल्या होत्या, नंतरच्या सहांच्या नाही, हेही आता उलगडलं. कागद एकाच ठिकाणाहून एकाच नावाने घेतला होता, पण ग्रेनची दिशा वेष्टनावर छापलेली नव्हती. ती छापायलाच हवी. यापुढे प्रत्येक ताव ओला करून तपासल्याशिवाय छपाई नाही.

बाराही पाकळ्या पुन्हा छापायच्या असं ठरलं, आणि हे लिहिता लिहिताच दुसरा विचार आला. सांधा मध्य आशियातून न्यायचाच कशाला? युरोपच्या नकाशात हा प्रदेश उजव्या कडेला कापला जातो, आशियाच्या नकाशात डाव्या कोपऱ्यात दबतो. माझ्या गोळ्यावरही कझाकस्तानचे दोन तुकडे झालेत आणि अश्गाबात डाव्या पाकळीवर, ताश्कंद, बिश्केक, दुशान्बे, अस्ताना उजवीवर. खरं तर युरेशिया खंडाचा हा पोटाचा भाग: पश्चिमेला कॅस्पियन, पूर्वेला तिएन शान, दक्षिणेला पामीर. उझबेकिस्तानातून समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात. असा प्रदेश एका पाकळीवर अखंड दिसायलाच हवा.

म्हणून सगळे सांधे १०° पश्चिमेला सरकवून पाहिले. पाकळी ५०° ते ८०° पूर्व, मधली रेषा ६५°. तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान पूर्ण आत. किर्गिझस्तानची फक्त पूर्वेकडची टोकाची कड बाहेर जाते. कझाकस्तानची दोन्ही टोकं मात्र कापली जातात, कारण तो ४६° पासून ८७° पर्यंत पसरलाय. तेवढं चालेल. २०° पूर्वचा सांधा तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप अगुल्हासला येतो. अटलांटिक आणि हिंदी महासागराची हद्द तिथेच मानतात, त्यामुळे तो सांधा मला आवडलाच. अडचण टोकियोची: १४०° पूर्व त्याला चिकटून जाते. तिथे पाकळीची कड २ मिमी जास्त ठेवून वरून चढवीन.

काल रात्री ६५° ची पाकळी एकटीच छापली, ग्रेन उभी, आणि जुन्या गोळ्यावर चिकटवली. अरल अखंड आलाय, पण माझ्या मूळ नकाशात तो १९६० चा आहे, ६८,००० चौ. किमीचा. आता त्यातलं बहुतेक पाणी गेलंय. उत्तरेचा छोटा अरल २००५ च्या कोक-अरल बंधाऱ्यामुळे टिकून आहे. रंगवताना निळा फक्त आजच्या पाण्याला देणार, आणि जुना किनारा बारीक तुटक रेघेने.