तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी शिडाची बोट बघताना

मेरीलँडमधल्या आमच्या ओळखीत कुणाला शिडाच्या बोटीची ओढ लागली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो: "चेसापीकच्या उपसागरात दोघांनी शनिवार-रविवार आरामात फिरायचंय. चाळीस-पन्नास वर्षं जुनी बोट बजेटात बसते. बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?"

पाणी बघा. वरून आत शिरणारं पाणी.

आमची पहिली बोट 27 फुटी होती. गाद्या नव्या, लाकडाला ताजं पॉलिश, आम्ही तासाभरात हो म्हटलं. ऑगस्टमधल्या पहिल्याच वादळी पावसात मध्यरात्री उशी भिजली. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्यांना चेनप्लेट म्हणतात. त्या डेकमधून आत उतरतात, तिथल्या फटीतून पाणी कित्येक वर्षं झिरपत होतं. आतल्या प्लायवूडच्या भिंतीत मी नख दाबलं तर ते रुतलं, आणि त्या पट्ट्या, म्हणजे तारांचा ताण, त्याच भिंतीवर होता. त्या रात्रीपासून मी आराम आणि सुरक्षितता असे वेगळे रकाने करत नाही. ओली बोट झोपू देत नाही आणि भर वाऱ्यात भरवसाही देत नाही.

म्हणून डेक ठोकून बघा. बहुतेक जुन्या बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असतं. दर खिट्टीसाठी, दर कठड्याच्या खांबासाठी त्यात भोकं पाडलेली असतात, आणि त्यांतलं सीलंट म्हातारं झालं की लाकूड पाणी पितं. आई बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघायची, तसंच करायचं. हातात फक्त प्लास्टिकची छोटी हातोडी घ्या. टणक आवाज आला की पुढे सरका. आवाज बसका झाला की तिथे खडूने खूण करा आणि हद्द कुठपर्यंत जाते ते शोधा. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो. डोलकाठीभोवतालचा सगळा भाग बसका वाजला, तर मी परत फिरते.

उदाहरण म्हणून कॅटलिना 30 घ्या, इथल्या बंदरांत ती पावलोपावली दिसते. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 1970 च्या दशकात ती आणली आणि सहा हजारांहून अधिक बोटी बनवल्या. 30 फुटी बोटीला 10 फूट 10 इंच रुंदी, म्हणजे दोघं एकमेकांना धक्का न लावता स्वयंपाक करतात, आणि आत सहा फुटी माणूस ताठ उभाही राहतो. तिची दुखणीही मालकांना तोंडपाठ आहेत. जुन्या बोटींत डोलकाठीचा भार ज्या खांबावर येतो, त्याच्या बुडाशी लाकडाचा ठोकळा असतो. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचलेल्या पाण्यात तो कुजतो आणि डोलकाठी हळूहळू खाली बसते. संडासाचं दार उघडून-लावून बघा. ते चौकटीत अडकत असेल, तर खांबाखाली बघितल्याशिवाय किंमत बोलू नका. कील, म्हणजे बुडाखालचं जड पातं, आणि बोटीच्या सांध्यावर पुढच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी भेग दिसते. अनेकदा ती नुसती भरून निघते, पण बोल्ट गंजलेले असतील तर प्रकरण मोठं होतं, आणि ते बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाही.

चेसापीकची सरासरी खोली जेमतेम 21 फूट, आणि वाय नदीसारख्या ज्या शांत खाड्यांत नांगर टाकावासा वाटतो त्या त्याहून उथळ. कॅटलिना 30 ची साधी कील सव्वापाच फूट खोल जाते, खालच्या टोकाला दोन पंख असलेली कील चार फुटांच्या आत. मला दुसरी आवडते, पण ती चिखलात रुतली तर बोट कलंडवून सोडवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

इंजिनाला कमी लेखू नका. इथे उन्हाळ्यात वारा दुपारदुपारभर पडलेला असतो आणि संध्याकाळी गडगडाट घेऊन येतो. तेव्हा वेळेत किनाऱ्याला लागणं इंजिनाच्याच हातात. विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत ते सुरू करू नका. गेल्यावर त्यावर हात ठेवून गार आहे का बघा, कारण आधीच तापवलेलं इंजिन आपली खोड लपवतं. 1970 च्या दशकातल्या अनेक बोटींत ॲटॉमिक 4 हे पेट्रोलचं इंजिन असतं. ते वाईट नाही, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचते, म्हणून सुरू करण्याआधी ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालवणं कधीही चुकवायचं नाही. पर्याय असेल तर डिझेल घ्या.

शिडं आणि तारा? कधी बदलल्या ते विचारा, पावती मागा. सांगता येत नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून किंमत मांडा.

मग आत जा आणि प्रत्येक बिछान्यावर दोघंही आडवे पडा, अगदी लाजू नका. पाय पुरतात का, रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागतं का? पुढच्या बिछान्यावर उघडणारी झडप आहे का? नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणून त्याच झडपेतून झोपेची हवा येते, आणि जुलैच्या दमट रात्री तिच्याइतकं मोलाचं काही नसतं. जाळी मात्र नीट बसवून घ्या, खाडीतले डास दया करत नाहीत.

एवढं सगळं जमलं तरी स्वतःचा सर्वेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, नेमा. विक्रेत्याने सुचवलेला नको. एवढ्या जुन्या बोटीला विमा कंपन्याही बहुधा सर्वेक्षणाचा अहवाल मागतात.

आणि पहिली भेट रात्रभर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी ठेवा. दार उघडल्याबरोबर पहिला श्वास नाकाने घ्या. मग गाद्या उचलून खालच्या प्रत्येक कप्प्यात, अगदी कोपऱ्यापर्यंत, कोरडा हात फिरवा.