रविवार, पण वेगळ्या चर्चमध्ये

आज ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतल्या चर्चमध्ये कुर्बानाला (त्यांच्या मुख्य उपासनेला) गेले. मी नगरची. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन हे प्रोटेस्टंट मिशन तिथे आलं, त्याच परंपरेत वाढले. म्हणजे पेटी-तबल्यावर भजनं, पाळकसाहेबांचा लांबलचक उपदेश आणि बसायला बाकं.

इथे चपला दाराबाहेर. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, डोक्यावर ओढणी आणि जवळजवळ सगळा वेळ उभं राहणं! भाषा मल्याळम, मध्येच सुरियानी, त्यांची उपासनेची जुनी भाषा. ‘कुरियेलायसोन’ म्हणजे ‘प्रभो, दया कर’ एवढंच कळलं. पण वेदीवरचा पडदा सरकला, धुपाचा वास पसरला, घुंगरं लावलेले गोल पंखे खुळखुळले, तेव्हा अंगावर काटा आला, खोटं का बोला! आमच्याकडे धूप म्हटलं की जुनी मंडळी कपाळाला आठ्या घालतात.

सगळ्यात भावली ती शांतीची भेट. वेदीपासून निघालेली शांती तळहातांतून एकाकडून दुसऱ्याकडे येत येत मागच्या रांगेपर्यंत पोचते. शेजारच्या अनोळखी आजींनी माझे हात आपल्या हातांत घेतले, न विचारता.

प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) मात्र मला घेता आलं नाही. ते त्यांच्याच सभासदांना. थोडं लागलं मनाला. नियम समजतो, तरी पटत नाही.

पुढच्या रविवारी ती आमच्याकडे येणार आहे. उपदेशाच्या लांबीची कल्पना आधीच देऊन ठेवलीय.