प्राणिसंग्रहालयाच्या आवारातला मोटारसायकल क्लब : मँचेस्टरचे बेल व्यू

मँचेस्टरला गेलेला मराठी पर्यटक बहुधा ओल्ड ट्रॅफर्ड पाहून परततो, मग ते क्रिकेटचे असो वा फुटबॉलचे. मी शहराच्या पूर्वेकडील बेल व्यूकडे वळलो ते स्पीडवे या कच्च्या मार्गावरील मोटारसायकल शर्यतींसाठी, आणि त्याहीपेक्षा एका कुतूहलापोटी : प्राणिसंग्रहालयाच्या बागेत गर्दी खेचण्यासाठी सुरू झालेला मोटारसायकल शर्यतींचा क्लब ती बाग नाहीशी झाल्यावरही टिकला कसा?

लाँगसाइटमधली भारतीय उपखंडातल्या लोकांची किराणा, मिठाई आणि कपड्यांची दुकाने मागे टाकून कर्कमन्सह्यूम लेनने चालत गेले की थोड्याच वेळात बेल व्यू येते. जॉन जेनिसन नावाच्या गृहस्थाने १८३६ मध्ये येथे प्राणिसंग्रहालय आणि करमणुकीची बाग उघडली. येथील सर्वांत प्रसिद्ध प्राणी ‘महाराजा’ नावाचा आशियाई हत्ती होता. १८७२ मध्ये एडिंबरोच्या लिलावात तो विकत घेतला गेला, रेल्वेच्या डब्यात चढवताच त्याने डब्याची मोडतोड केली आणि अखेर माहुताबरोबर पायी मँचेस्टरला आला. त्याचा सांगाडा आज मँचेस्टर म्युझियममध्ये आहे. तो मी आदल्या दिवशीच पाहिला होता आणि स्पीडवेच्या वाटेवर तो पाहणे मुळीच विषयांतर नाही, असे माझे मत आहे, कारण लोकांना काहीतरी अचाट दाखवून तिकीट विकण्याच्या ज्या धंद्यात तो हत्ती आला, त्याच धंद्यात पुढे मोटारसायकली आल्या.

१९२५ मध्ये बागेची सूत्रे जॉन हेन्री आइल्स यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी शेजारी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचे स्टेडियम उभे राहिले. ऑस्ट्रेलियात रुजलेल्या ‘डर्ट ट्रॅक’ शर्यतींचे वेड १९२८ मध्ये इंग्लंडभर पसरले, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये मोटारसायकली धावल्या आणि २३ मार्च १९२९ रोजी बागेच्या आवारातच हाइड रोडचे स्वतंत्र मैदान सुरू झाले. तेथे सुमारे ४०,००० प्रेक्षक मावत. १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षे बेल व्यूने राष्ट्रीय लीग जिंकली. १९३६ मध्ये वेम्बलीला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा बेल व्यूचा एरिक लँग्टन अंतिम क्रमवारीत बरोबरीत राहिला आणि निर्णायक फेरीत लायनेल व्हॅन प्राग याच्याकडून हरला. दुसऱ्या महायुद्धात देशातील इतर मैदाने ओस पडली, तरी येथील शर्यती चालूच राहिल्या.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येक फेरीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात, ते लंबगोल कच्च्या मार्गावर डावीकडे वळत चार फेरे मारतात आणि पहिल्या तिघांना तीन, दोन व एक गुण मिळतात. पाचशे सीसीच्या, मेथनॉलवर चालणाऱ्या या गाडीला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे, पोलादी तळ बसवलेला डावा बूट जमिनीवर टेकवायचा आणि हँडल उलट्या दिशेला फिरवून गाडी आडवी नेत वळण पार करायचे. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये जी धडधड होते तीच येथे होते, फक्त येथे एकाऐवजी चौघे एकाच वळणात शिरतात. एक फेरी मिनिटाभरात संपते, पहिल्या वळणाजवळ उभ्या असलेल्यांच्या अंगावर खडी-मातीचा मारा होतो आणि लगेच लोक छापील कार्यक्रमपत्रिकेत पेनाने गुण भरू लागतात. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी माझा एक चुकीचा आकडा न विचारता दुरुस्त केला.

या क्लबच्या इतिहासात सर्वाधिक आपुलकीने घेतले जाणारे नाव पीटर क्रेव्हनचे आहे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, चणीने लहान असलेला हा स्वार १९५५ आणि १९६२ मध्ये जगज्जेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरोच्या मैदानावर समोर पडलेल्या स्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी, वयाच्या २९ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी बेल व्यू लीगविजेता होता. त्याच्या नावाची स्मृतिस्पर्धा आजही येथे होते. त्यानंतर न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर कर्णधार झाला आणि संघाने १९७० ते १९७२ अशी तीन विजेतीपदे पटकावली. मॉगरच्या सहा जागतिक विजेतेपदांपैकी १९६९, १९७० आणि १९७२ ची बेल व्यूच्या काळातली आहेत. १९७६ मध्ये पोलंडमधील खोझुव्ह येथे पीटर कॉलिन्स जगज्जेता झाला, तो तर मँचेस्टर परिसरातलाच.

त्याच सुमारास बाग मात्र मोडकळीला आली होती. प्राणिसंग्रहालय १९७७ मध्ये बंद पडले. १९८२ मध्ये संघ पुन्हा विजेता झाला, पण हाइड रोडची जागा विकली गेली आणि १९८७ च्या हंगामानंतर तेथे मोटारगाड्यांचे लिलाव होऊ लागले. माझ्या मते क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा धक्का हाच होता, कारण त्या लांब, वेगवान मैदानाबरोबर संघाची खेळण्याची पद्धतही गेली. क्लब जिथून निघाला त्याच ग्रेहाउंड स्टेडियमच्या तुलनेने तोकड्या मार्गावर परतला आणि जवळजवळ तीन दशके भाडेकरूसारखा राहिला. तरीही १९९३ मध्ये त्याने लीग जिंकली, आणि जेसन क्रम्प २००४ व २००६ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा तो याच संघाचा स्वार होता.

आजचे नॅशनल स्पीडवे स्टेडियम याच गल्लीत, ग्रेहाउंड स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर २०१६ मध्ये उभे राहिले. उद्घाटनाची संध्याकाळ मात्र फजितीची ठरली. १९ मार्चला क्रेव्हन स्मृतिस्पर्धेसाठी स्टेडियम भरले आणि मार्गाचा पृष्ठभाग शर्यतीस योग्य नसल्याने कार्यक्रम रद्द करावा लागला. पुढे त्याच मार्गावर त्या वर्षीच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, आणि २०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनने ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ ही देशांच्या संघांची स्पर्धाही येथेच जिंकली. शेजारच्या ग्रेहाउंड स्टेडियममधील शर्यती २०२० मध्ये कायमच्या थांबल्या. नव्या स्टेडियमची क्षमता सुमारे ६,००० आहे. हाइड रोडच्या आकड्यापुढे ती किरकोळ वाटते, पण प्रत्येक आसनावरून संपूर्ण मार्ग दिसतो आणि वळणांच्या रुंदीमुळे मागून येणाऱ्यालाही पुढे जाण्याची संधी मिळते. २०२२ मध्ये शेफील्डला हरवून बेल व्यूने लीगचे विजेतेपद पुन्हा मिळवले, ते २९ वर्षांनी.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत असतो, घरच्या लढती बहुधा सोमवारी संध्याकाळी होतात आणि पावसाने मार्ग खराब झाला की रद्द होतात, म्हणून हातात एक जास्तीचा दिवस ठेवावा.