टू टॉपची ग्रुप राइड: एक बेल्ट, एक माघार आणि एक टाय रॉड

वेस्ट यलोस्टोन, मोंटाना. फेब्रुवारी, सकाळी उणे 24 अंश सेल्सियस, आभाळ मोकळं, माथ्यावर वारा. सहा स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल. त्यांतल्या चार माउंटन: 850 सीसी टू-स्ट्रोक, 154 ते 165 इंचांचे ट्रॅक (मागचा फिरता रबरी पट्टा), अडीच ते तीन इंचांचे लग (त्या पट्ट्यावरचे दाते). दोन भाड्याच्या ट्रेल स्लेड: 137 इंची ट्रॅक, दीड इंचाचे लग. बेत असा की गावातून जंगलाच्या ट्रेलने टू टॉप हा डोंगर चढायचा, माथ्याजवळच्या मोकळ्या जागांत पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) खेळायची आणि वळसा पूर्ण करून उजेडात खाली यायचं. दिवसभरात एक बेल्ट (इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) फुटला, एक स्लेड रुतली, एका उतारावरून माघार घेतली आणि एक टाय रॉड (स्की वळवणारा दांडा) वाकला. यातलं जगावेगळं काही नाही. कुठल्याही ग्रुपवर हे येतं. पण प्रत्येक वेळी पुढचा अर्धा तास कसा जाणार हे ठरलं ते ग्रुप कुठे थांबला आणि कोण कुठे उभं राहिलं यावर. म्हणून ही नोंद थांब्यांच्या हिशोबाने लिहिली आहे.

निघण्याआधी

या गावाचं सुख म्हणजे लॉजच्या दारातून स्लेड काढून गल्लीतूनच ट्रेलला लागता येतं. तोटाही तोच: गाडी सुरू केली की लगेच निघावंसं वाटतं. रात्रभर बाहेर राहिलेल्या स्लेडचा ट्रॅक हायफॅक्सच्या पट्ट्यांना (ट्रॅक ज्यांवरून घसरतो ते प्लास्टिक) आणि बोगींना (ट्रॅकच्या आतली चाकं) गोठून चिकटलेला असतो. तो तसाच असताना थ्रॉटल दिला तर ट्रॅक हलत नाही, प्रायमरी क्लच (इंजिनकडचा) बेल्टवर एकाच जागी घासत राहतो आणि तिथे बेल्ट अरुंद होतो. तो डाग मग दिवसभर ठकठक करतो आणि बेल्ट तिथूनच तुटतो. उपाय साधा आहे. मागचा बंपर धरून स्लेड उचलायची आणि आपटायची, दोन्ही बाजूंनी. ट्रॅक हाताने थोडा फिरला की मगच इंजिन.

इंजिन सुरू झाल्यावर कूलंट 40 अंशांवर जाईपर्यंत जागेवरच ठेवायचं. अॅल्युमिनियमचा पिस्टन भराभर तापून फुगतो, सिलिंडरच्या बाहेर मात्र गार कूलंट असतो. मधली फट संपली की पिस्टन धरतो. कोल्ड सीझर म्हणतात तो हाच. त्या पाच-सात मिनिटांत बेकनची, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणाऱ्या यंत्राची, तपासणी उरकते. म्होरक्या पन्नासेक पावलं पुढे जाऊन आपला बेकन शोधावर ठेवतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात आणि प्रत्येकाचा सिग्नल वाचला जातो. मग म्होरक्या आपला बेकन पाठवण्यावर आणतो आणि तो शेवटचा माणूस तपासतो. ही उलट तपासणी बहुतेक ग्रुप विसरतात. फोन बेकनपासून 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50 सेंटिमीटर. प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं पाठीवरच्या पिशवीत हवं, स्लेडवरच्या डब्यात नको, कारण गरज पडेल तेव्हा स्लेडही बर्फाखाली असू शकते.

उंचीबद्दल एक गोष्ट. गाव 6,667 फुटांवर आहे आणि टू टॉप साडेआठ हजारांच्या वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे माथ्यावर पाव ताकद गेलेली असते. भाड्याच्या स्लेड इथल्याच उंचीला लावलेल्या असतात. मिनेसोटासारख्या सखल भागातून ट्रेलरवर आणलेल्या स्लेडमध्ये प्रायमरी क्लचमधली वजनं हलकी करावीच लागतात, नाहीतर आरपीएम चढत नाही आणि सगळा ताण बेल्टवर येतो.

रांग

म्होरक्याच्या मागे सर्वांत कमी सरावाचा चालक, त्याच्या मागे दुसरी ट्रेल स्लेड, मग बाकीचे, आणि सर्वांत शेवटी सगळ्यांत हातखंडा असलेला. दुरुस्तीचं सामान, जादा बेल्ट आणि ओढायचा दोर शेवटच्याकडे. म्होरक्याकडे ते ठेवून उपयोग नाही. बिघाड मागे होतो आणि म्होरक्या तोवर दोन वळणं पुढे गेलेला असतो.

नियम एकच, पण कडक: प्रत्येकाने मागच्याचा दिवा बघायचा. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मागचा दिसेना झाला की थांबायचं. पुढचाही मग आपोआप थांबतो आणि दोन-तीन मिनिटांत अख्खी रांग उभी राहते. गार सकाळी ट्रॅकमागे उडणारी बर्फाची धूळ हवेत लोंबकळत राहते, म्हणून अंतर निदान पाच-सहा सेकंदांचं, धूळ असेल तर दुप्पट. थांबायचं ते सरळ रस्त्यावर, उजव्या कडेला, एकामागे एक. वळणाच्या पलीकडे किंवा चढाच्या माथ्यावर कधीच नाही. समोरून येणाऱ्या ग्रुपला आपले किती मागे आहेत ते हाताने दाखवायचं. शेवटच्याने मूठ दाखवायची.

जंगलातला पहिला टप्पा कडक, चकचकीत होता. अशा ट्रेलवर ट्रॅक बर्फ उडवत नाही. टनेलखालचे (टनेल म्हणजे ट्रॅकवरचं धातूचं आवरण) हीट एक्स्चेंजर कोरडे राहतात, कूलंट तापतो आणि हायफॅक्सचं प्लास्टिक वितळायला लागतं. स्क्रॅचर (बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) खाली टाकले की सुटतं. रिव्हर्स घेण्याआधी ते वर घ्यायचे. सगळ्याच बनावटींचे मागे वळत नाहीत, काही सरळ मोडतात.

बेल्ट

माथ्याकडच्या लांब चढावर रांगेतल्या चौथ्या, म्हणजे ट्रेल स्लेडमागच्या माउंटन स्लेडमधून जळक्या रबराचा वास आला आणि लगेच फटका बसल्यासारखा आवाज. इंजिन चालू, स्लेड जागच्या जागी. कारण उघडच होतं: पुढच्या मंद स्लेडमागे रेंगाळत, मग अंतर भरून काढायला एकदम पूर्ण थ्रॉटल, परत सोड, परत थ्रॉटल. कमी वेगात जास्त ओढ म्हणजे क्लच घसरतो आणि बेल्ट तापतो. तापमापक असेल तर 90 अंशांच्या पुढे गेलं की थांबून साइड पॅनेल उघडायचं आणि वारा लागू द्यायचा.

बदलण्याची पद्धत. इंजिन बंद, टेदर (इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी) काढलेला. साइड पॅनेल आणि क्लच गार्ड उघडायचं. सेकंडरीच्या (ट्रॅककडचा क्लच) चकत्या किटमधल्या बोल्टने किंवा अवजाराने फाकवायच्या. फुटलेला बेल्ट बाहेर आला म्हणजे काम झालं असं नाही. त्याचे दोरे प्रायमरीच्या मागे, क्रँकच्या सीलपाशी गुंडाळलेले असतात. ते राहिले तर सील कापतात आणि मग तिथून हवा शिरून इंजिन लीन होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. हेडलॅम्प लावून, पक्कडीने एकेक दोरा ओढून काढायचा. इथे जितका वेळ लागेल तितका लावावा. आजच्या वेळी प्रायमरीमागून बोटभर लांबीचे दोऱ्यांचे झुपके निघाले, आणि एक तुकडा क्लचच्या वजनांत अडकलेला होता. तो राहिला असता तर क्लच मिटलाच नसता. मग चकत्या अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायच्या. त्यांना रबराची काळी फिल्म असेल तर नवा बेल्टही घसरतो. नवा बेल्ट अक्षरं सरळ वाचता येतील असा बसवायचा, आधी प्रायमरीवर, मग सेकंडरीवर ओढून. फाकवलेला बोल्ट काढला ना, ते पुन्हा बघायचं. मागचा भाग उचलून ट्रॅक हळू फिरवला की बेल्ट सेकंडरीच्या काठाशी येतो. खाली बुडालेला किंवा फार वर आलेला दिसला तर डिफ्लेक्शन (बेल्टचा ताण) लावून घ्यावं. पहिले 50 किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नाही.

हे होईपर्यंत बाकीच्यांनी स्लेड कडेला घेऊन, मागच्या बाजूला 100 मीटरवर एकाला उभं करायचं. चढावर बंद पडलेली स्लेड वरून येणाऱ्याला दिसते, खालून जोरात येणाऱ्याला दिसत नाही.

रुतलेली स्लेड

माथ्यावर मोंटाना आणि आयडाहोची सीमा आहे आणि तीच खंडाची जलविभाजक रेषा. वाऱ्याने आणलेला राइम बर्फ झाडांवर थराथराने जमून इथे पांढरे बुजगावण्यांसारखे आकार उभे राहतात. लोक त्यांना स्नो घोस्ट म्हणतात. फोटोंसाठी सगळे त्यांच्याजवळ जातात, पण फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळ खड्डा असतो. दोन मीटर लांबच राहावं.

एक ट्रेल स्लेड ट्रेलवरून खाली उतरली आणि पोटापर्यंत बसली. दीड इंचाचा लग पावडरला धरत नाही, तो खणतो. वेग कमी होतोय असं जाणवलं की थ्रॉटल सोडायचा. आणखी दिला तर मागचं टोक खड्ड्यात जातं आणि टनेल बर्फावर टेकतो. मग ट्रॅकखाली आधार उरत नाही आणि जितका थ्रॉटल द्यावा तितका खड्डा वाढतो.

काढायला दोघं पुरतात. बाकीच्यांनी पक्क्या बर्फावर राहायचं, नाहीतर एका रुतलेल्या स्लेडच्या तीन होतात. स्की पकडून तोंड उताराकडे वळवायचं. स्लेड एका कुशीवर आडवी करायची, ट्रॅकखालचा खड्डा बर्फाने भरून पायांनी दाबायचा, मग सरळ करायची. पुढे तीन-चार मीटरची पट्टी तुडवायची. आता पाच-दहा मिनिटं काही करायचं नाही. तुडवलेले कण एकमेकांना चिकटून पट्टी कडक होते. लगेच निघालात तर तीच पट्टी भुसभुशीत लागते. मग एकाने स्कीच्या कडीला बाजूने ओढायचं, दुसऱ्याने हळू, एकसारखा थ्रॉटल द्यायचा. ट्रॅकच्या मागे सरळ रेषेत कोणी नको, स्कीच्या समोरही नको.

माघार

बोझमनचं गॅलटिन नॅशनल फॉरेस्ट अॅव्हलांच सेंटर हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज देतं. जवळच्या लायनहेड आणि आयलंड पार्ककडे जाणाऱ्यांनी तो न वाचता निघू नये. नैऋत्येचा वारा बर्फ ईशान्येच्या आडोशाला नेऊन टाकतो. तिथल्या एका छोट्या वाटीच्या (वाटीसारख्या खोलगट उताराच्या) तोंडाशी सपाटीवर थांबलो तेव्हा पायाखालून धप्प असा आवाज गेला. वरचा थर खालच्या दुबळ्या थरावर बसला की हा आवाज येतो, आणि खरं तर इथेच निर्णय होतो.

तरी खात्रीसाठी 20 अंशांच्या सुरक्षित, त्याच दिशेच्या तुकड्यावर खड्डा खणला. एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट: 90 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 टपल्या. तेराव्या टपलीला 60 सेंटिमीटर खाली थर फुटला आणि तडा एका टपलीत पूर्ण रुंदीभर गेला. खालचे कण साखरेसारखे सुटे, हातात गोळा होत नव्हते. तडा पलीकडच्या टोकापर्यंत जाणं हीच मुख्य खूण, आकडा दुय्यम. वाटीचा उतार 35 अंश होता. चढलो नाही.

अशा जागी थांबण्याची शिस्त: सगळ्या स्लेड उताराच्या पायथ्यापासून लांब, शेजारी शेजारी, तोंड उताराच्या उलट दिशेला. हेल्मेट आणि एअरबॅग अंगावरच. उतारावर एका वेळी एकच स्लेड. वर कोणी रुतला तर मदतीला दुसरी स्लेड पाठवायची नाही. त्याने स्वतः सोडवायची. दोन स्लेडचं वजन आणि दोन गाडलेली माणसं, शोधायला मात्र कमी हात, हे गणित कधीच जमत नाही. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच आशा असते, म्हणजे जे खाली उभे आहेत तेच खरे बचाव पथक.

टाय रॉड

उतरताना एका मोकळ्या जागेत झाकलेल्या ओंडक्याला डावी स्की लागली. ए-आर्म (स्कीला धरणारा आधार) ठीक, टाय रॉड वाकला, स्की आत वळली. अॅल्युमिनियमचा रॉड ठोकून सरळ करू नये. वाकला त्याच जागी तडकतो. दोन छोटी टायर आयर्न दोन्ही बाजूंना लावून चार होज क्लॅम्पनी आवळली. मग बाहेरचं टोक सोडवून, जाम नट सैल करून, रॉड-एंड काही आटे बाहेर फिरवला, जोवर दोन्ही स्की डोळ्यांनी समांतर दिसल्या. पुढची टोकं किंचित बाहेर असली तर चालतं, आत नकोत. आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाच्या निदान दीडपट उरली पाहिजे. उरलेला रस्ता ताशी 25-30 किलोमीटरच्या वेगाने, मध्ये दोनदा थांबून क्लॅम्प तपासत.

ओढून आणायची वेळ आली असती तर आधी बेल्ट काढायचा, दोर दोन्ही स्कींच्या पायांना इंग्रजी व्हीसारखा बांधायचा आणि मागच्याने ब्रेकवर हात ठेवायचा.

इंधन: माउंटन स्लेडनी ट्रेलवर लिटरला पाच-सहा किलोमीटर दिले, पावडरमध्ये त्याच्या निम्मे. टाकी अर्धी झाली की परत फिरायचं, ते यासाठी. पुढच्या फेरीआधीची कामं: टाय रॉड नवा, बेल्ट फुटलेल्या स्लेडचं क्लच अलाइनमेंट आणि इंजिन माउंट तपासणं, फुटलेल्या बेल्टच्या जागी डब्यात दुसरा जादा बेल्ट. आज बसवलेला बेल्ट आणि तो, दोन्ही एकाच भाग क्रमांकाचे असावेत. रात्री साइड पॅनेल उघडी ठेवायची, म्हणजे क्लचवरचा ओलावा सुकतो आणि सकाळी चकत्यांवर गंजाची पट्टी दिसत नाही.