मेरिंगचे सहा घाणे आणि ठाण्याची हवा

स्ट्रॉबेरीत इटन मेस करायचं म्हणून डिसेंबरपासून घोकत होतो, ते घोकता घोकता महाबळेश्वरचा माल संपला आणि घरात हापूसची पेटी आली. म्हटलं आता आंब्यातच करू. मूळ प्रकार इटन मेस, इंग्लंडमधल्या इटन शाळेच्या नावाचा, स्ट्रॉबेरी, फेटलेलं क्रीम आणि चुरलेलं मेरिंग (अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून मंद भाजलेलं कुरकुरीत) सगळं एकत्र कालवायचं. नाव एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे म्हणजे चांगलंच जुनं. मी ग्लासात थर लावून करतोय, कारण कालवलेल्याचा फोटो दाखवला तर आई म्हणाली "हे काय, कोणाचं उष्टं?"

१२ एप्रिल, घाणा पहिला

तीन अंड्यांचं पांढरं आणि साखर अंदाजे, आणि तिथेच माती खाल्ली. आपल्याकडची साखर जाड, ती तशीच टाकली तर पांढऱ्यात विरघळतच नाही, फेस दिसायला मस्त पण बोटांत घेऊन चोळला तर रवा लागतो. मी चोळून बघितलंच नाही. शिवाय एका अंड्याचा बलक किंचित फुटला होता, म्हटलं एवढ्याने काय होतंय, तर तेवढ्यानेच होतं, बलकातलं फॅट फेस धरू देत नाही, पंधरा मिनिटं बीटर फिरवला तरी टोक वाकडंच. ओटीजी (घरातला छोटा ओव्हन) १०० डिग्रीवर लावला. चाळीस मिनिटांनी वर तपकिरी, खाली चिकट पाक गळालेला आणि अंगावर घामासारखे मधाळ थेंब. लेकीने चमच्याने खरवडून खाल्लं, म्हणजे पूर्ण वाया नाही गेलं.

१९ एप्रिल, घाणा दुसरा

दोन गोष्टी विकत आणल्या, वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. थर्मामीटर आधी का नाही घेतला याचं खरंच दुःख आहे, कारण माझा ओटीजी काट्यावर १०० दाखवतो तेव्हा आत १३० असतं! आता फक्त खालची कॉइल चालू ठेवतो आणि दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवतो, मग साधारण १०० ला टिकतं.

प्रमाण आता पक्कं आहे. पांढरं ९० ग्रॅम (आपल्या मध्यम अंड्यांची तीन), साखर त्याच्या दुप्पट म्हणजे १८०. साखर मिक्सरला दोनच झटके, अगदी पिठी करायची नाही, आणि विकतची पिठीसाखर नको कारण तिच्यात बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं. फेस मऊ झाल्यावर एकेक चमचा करून घालायची, घाई नाही, मला बारा मिनिटं लागली. अर्धा चमचा लिंबाचा रस सुरुवातीलाच, आंबटाने फेस लवकर फाटत नाही आणि अंड्याचा वासही मारला जातो, आमच्याकडे तो वास हाच मुख्य आक्षेप आहे.

दोन तास भाजलं. टकटक वाजलं, बटर पेपरवरून आपोआप सुटलं, मी अक्षरशः नाचलो. सगळीकडे लिहिलेलं असतं की ओव्हन बंद करून रात्रभर आतच राहू द्या, तसं केलं. सकाळी हात लावला तर च्युइंगम.

इथे मला दोन दिवस लागले कळायला. साखर हवेतलं पाणी ओढते, मेरिंगच्या कच्च्या फेसातच दोन तृतीयांश साखर, आणि ठाण्याची हवा म्हणजे खाडीची वाफ. ओटीजीला ना घट्ट रबर ना काही, रात्रभर दमट हवा आत येत राहणार. बहिणीने कोथरूडला तोच घाणा करून ताटलीत उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत, तिच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी कुरडया वाळतात तसं. रेसिपी लिहिणाऱ्याने स्वतः कुठे राहतो ते आधी लिहायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

२६ एप्रिल, घाणा तिसरा

ओटीजी उचलून बेडरूममध्ये नेला. हसू नका. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणून आधी तासभर एसी लावून खोली कोरडी केली, मग भाजलं, आणि थंड होऊ न देता कोमट असतानाच स्टीलच्या घट्ट डब्यात, तळाशी खाण्याच्या वस्तूंसाठीच्या सिलिका जेलच्या पुड्या. बायकोने दार उघडून विचारलं की उशा पण भाजणार आहेस का. पण चार दिवस कुरकुरीत राहिलं! आणि समजा मऊ पडलंच तरी टाकू नका, परत १०० वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की येतं ठिकाणावर.

बलक उरतात त्यांचं काय हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. भुर्जी. तीन आठवडे बलकाची भुर्जी खातोय.

३ मे, क्रीमची फजिती

मेरिंग जमलं म्हणून क्रीमकडे लक्षच दिलं नव्हतं. छोट्या टेट्रापॅकमधल्या २५ टक्के फॅटवाल्या क्रीमला कितीही फेटा ते उभं राहत नाही, ते भाज्यांसाठी ठीक. व्हिपिंगला ३५ च्या आसपास तरी फॅट लागतं, ते महाग पण आणलं. स्वयंपाकघर ३४ डिग्री, मी भांडं थंड न करताच बीटर लावला, जरा फुललं, मग रवाळ झालं आणि बघता बघता खाली ताक वर लोणी. आई खूश, तिने कढवून तूप केलं, म्हणाली एवढं महागाचं तूप आयुष्यात नाही खाल्लं. आता भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये, भांड्याखाली बर्फाचं ताट, आणि टोक वळायला लागलं की लगेच थांबायचं.

त्याच दिवशी पहिला पूर्ण ग्लास लावला आणि खरी अडचण कळली, की हे भयंकर गोड होतंय. स्ट्रॉबेरीला स्वतःचा आंबटपणा असतो तो मेरिंगला सावरतो, पिकलेल्या हापूसला तो नाहीच, गोडावर गोड, तिसऱ्या चमच्याला घशाशी येतं.

१० मे

म्हणून आंबट शोधलं. आधी क्रीममधली साखर शून्य केली. मग अर्धं क्रीम काढून तिथे चक्का घातला, २०० मिली क्रीमला १५० ग्रॅम चक्का, चक्का आधी चाळणीतून काढून, श्रीखंडाला काढतो तसाच, मग फेटलेल्या क्रीममध्ये हलक्या हाताने. एकदम आम्रखंडाच्या गावाला जाऊन आल्यासारखं झालं आणि गोडी कापली गेली. आणि फालसे! मे महिन्यात फालसेवाला येतो की गल्लीत, पण मीठ-मसाला लावून खाण्यापलीकडे मी त्यांचा विचारच केला नव्हता. मूठभर फालसे, दोन चमचे साखर, पाच मिनिटं शिजवून गाळले की जांभळा आंबट रस. कैरी किसूनही बघितली पण कच्चा वास पुढे येतो, नको. कोकमाचं आगळ दोन थेंब चांगलं लागतं, फक्त खारं असतं, हात आखडता ठेवा.

आंब्याचा रस थरात घालायचा नाही. रस मेरिंगपर्यंत पोचला की पाच मिनिटांत तिथे साखरेचं पाणी. फोडीच, त्याही चाळणीत दहा मिनिटं निथळलेल्या.

१७ मे, घाणा सहावा

मावशी अंडं खात नाही म्हणून तिच्यासाठी छोल्यांच्या पाण्याचं मेरिंग. छोले शिजवलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झाल्यावर थंड करून फेटलं, तेवढीच साखर, लिंबू जरा जास्त. फेस यायला दहा मिनिटं लागली आणि भाजताना ९० च्या वर गेलं की खचतं, माझे सोळापैकी सात खचले. कच्च्या फेसाला छोल्यांचा वास येतो, भाजल्यावर जातो. उरलेल्या नऊंना वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात दिला, म्हणजे ओल पटकन आत जात नाही. हे अंड्याच्यालाही करतोय आता.

थर असे: तळाशी फोडी, त्यावर चक्का-क्रीम, एक चमचा फालश्याचा रस, मग मेरिंगचे मोठे तुकडे, चुरा नाही, आणि परत तेच. जेवणं उरकल्यावर लावायला घ्या, आधी नाही. मी सहा ग्लास लावले, मावशीने दुसरा मागितला आणि विचारलं यात पापडाचा खार घालतोस का.

डब्यात चार तुकडे शिल्लक आहेत. पेटीतले शेवटचे आठ आंबे पिकायला ठेवलेत आणि जांभळं यायची वाट बघतोय, पण तोवर पाऊस आला तर एसी लावूनही जमेल का कोणी करून बघितलंय? मुंबई-ठाण्यातल्यांनी सांगा, कोथरूडवाल्यांनी नको.