मोठे डिझेल इंजिन लहान केले की झाले, नाही का?

तंत्रनिकेतनात 28 वर्षे ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकवल्यामुळे एक प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, तसेच मंडईत माल उतरवणारे चालकही विचारतात: मोठ्या ट्रकला डिझेल इंजिन 1923-24 मध्येच जर्मनीत बसले होते, तर आपला ‘छोटा हत्ती’, म्हणजे टाटा एस हा छोटा मालट्रक, यायला 2005 साल का उजाडावे लागले? मोठे इंजिन लहान करायचे, एवढेच तर काम होते. माझे उत्तर असे: डिझेल इंजिन लहान करता येते, पण त्याचा सिलिंडर, म्हणजे इंधन जिथे जळते ती नळी, लहान करणे फार अवघड असते.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तापलेल्या त्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेईल, हे त्याचे तत्त्व. आता सिलिंडरचे प्रत्येक माप निम्मे केले, तर आतली हवा एक-अष्टमांश उरते, पण तिला वेढणारी भिंत एक-चतुर्थांशच होते. म्हणजे हवेच्या मानाने भिंत दुप्पट झाली आणि दाबून मिळवलेली उष्णता पेट घेण्याआधीच धातूत निघून जाऊ लागली. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि कपातला लगेच निवतो, त्याचेच हे कारण.

दुसरी अडचण इंधन मोजण्याची. छोट्या हत्तीचे, म्हणजे टाटा एसचे, मूळ इंजिन 702 घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरचे आणि सुमारे 16 अश्वशक्तीचे. त्याचे गणित मी फळ्यावर करून दाखवत असे. पूर्ण भार असताना आणि मिनिटाला 3,200 फेरे होत असताना प्रत्येक फवाऱ्याला साधारण 20 घन मिलिमीटर डिझेल लागते. हे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी आहे आणि ते सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात आत जावे लागते. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असेल, तेव्हा हे माप याहून कितीतरी घटते. एवढे बारीक माप प्रत्येक खेपेला अचूक देणारा पंप बॉश या जर्मन कंपनीने 1927 मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, तेव्हाच लहान डिझेलचा विचार व्यवहारात आला.

इंधन फवारण्याच्या अडचणीवरचा एक तोडगा त्याआधीच सुचलेला होता. बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी 1909 मध्ये पूर्वकक्षाचे पेटंट घेतले. सिलिंडरच्या डोक्यात एक लहानशी खोली ठेवायची, इंधन आधी तिथे पेटवायचे आणि त्या झोताने उरलेले मिश्रण जाळायचे. त्यामुळे पंपाचा दाब कमी असला तरी चालते आणि जळणही सौम्य होते. मर्सिडीजचा दोन टनांचा ‘एलओ 2000’ हा 1932 चा हलका डिझेल ट्रक याच वाटेने आला. मात्र त्या खोलीच्या भिंतींतून उष्णता आणखी गळते, इंधन जास्त लागते आणि थंड इंजिन सहजी पेटत नाही. सकाळी आधी हीटर द्यायचा आणि मग सेल्फ मारायचा, ही चालकांची सवय तिथूनच आलेली आहे.

आपल्याकडच्या अभियंत्यांनी काय केले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. टाटांच्या मोठ्या ट्रकच्या 697 या इंजिनाचे नावच त्याची ओळख सांगते: सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर व्यास. हलक्या 407 ट्रकसाठी जे 497 इंजिन होते, त्यात सिलिंडर चार झाले आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 128 वरून 100 मिलिमीटरवर आला, पण व्यास तोच राहिला. पुढे गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने टाटा एससाठी इंडिका या मोटारीचे 1,405 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन घेतले आणि ते अक्षरशः निम्मे केले. प्रत्येक सिलिंडर पूर्वीएवढाच राहिला, फक्त दोन कमी झाले. याची किंमत थरथरीत मोजावी लागली. चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि एकमेकांचा धक्का बराचसा जिरवतात, तर दोनच असताना तशी जोडी नीट जमत नाही.

ही युक्ती 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर काही गाड्यांना अपुरी पडली. सिलिंडर निम्मे केले तरी धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेचा खर्च निम्मा होत नाही. मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या मालट्रकचे 793 घन सेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन त्याच वेळी बंद झाले आणि ती गाडी पेट्रोल व सीएनजीवरच राहिली.

ज्या हलक्या डिझेल ट्रकला आज काजळीचा फिल्टर आहे, त्याची तक्रारही पुन्हा उष्णतेचीच असते. साठलेली काजळी जळायला साधारण 600 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि मंडई ते दुकान अशा थांबत-थांबत केलेल्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच गाठले जात नाही. म्हणून फिल्टरचा दिवा लागला आहे असे कोणी सांगत आले, की आधी गाडीसोबतची पुस्तिका वाचा आणि तिच्यात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी चालवून आणा, असे मी सांगतो.